बग्गी की जिप्सी? आधी जमीन कोणती ते ठरवू

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत):

इंदूरच्या सुदामा नगरात राहणारे हे वाचक चौतीस वर्षांचे आहेत. ते यांत्रिकी अभियंता असून इंदूरजवळच्या पीथमपूर या औद्योगिक गावातल्या एका कारखान्यात नोकरी करतात. घरी आई, पत्नी आणि सात वर्षांची मुलगी आहे. महाविद्यालयात असताना ते बाहा या, विद्यार्थ्यांनीच आडरानातली गाडी बांधून शर्यतीत उतरवायच्या, स्पर्धेच्या संघात होते आणि तेव्हापासून आडरानात गाडी चालवण्याची हौस मनात घर करून आहे. आता आठ लाख रुपये बाजूला पडले आहेत आणि त्यांच्यापुढे दोन बेत आहेत. पहिला बेत म्हणजे मित्राच्या फॅब्रिकेशन शेडमध्ये पाइपांचा सांगाडा उभारून, जुन्या मारुती ८०० चे इंजिन मागे बसवून दोन आसनांची बग्गी बांधणे. दुसरा म्हणजे २००९ ची एक मारुती जिप्सी (जीपसारखी गाडी) घेऊन तिला चार इंच उचल देणे आणि ३३ इंची चाके, विंच (रुतलेली गाडी दोराने ओढून काढणारे यंत्र), लोखंडी बंपर व रोल केज (गाडी उलटल्यास वाचवणारा पाइपांचा पिंजरा) बसवणे. मित्र बग्गीच्या बाजूने आहेत, मेहुणा जिप्सीच्या बाजूने, आणि पत्नीचा दोन्हींना विरोध आहे. ते लिहितात, ‘जिप्सी घरालाही उपयोगी पडेल आणि रानातही, बग्गी नुसती मौज आहे, हे मला कळते. तरी मन बग्गीकडेच धावते. जागेचा प्रश्न नाही, मानपूरकडे काकांची बारा एकर जमीन आहेच. मी काय करावे?’

उत्तर:

स. न. वि. वि.

तुमचे पत्र चार पानांचे आहे. त्यातली जवळजवळ अडीच पाने पाइपाची जाडी, वेल्डिंगचा क्रम आणि मागच्या बाजूला इंजिन कसे बसवायचे यांनी भरली आहेत, आणि ती इतक्या जिव्हाळ्याने लिहिली आहेत की यंत्रांशी काही देणेघेणे नसलेल्या माणसालाही वाचत राहावेसे वाटेल. गाडी चालवायची कुठे, याचा निकाल मात्र तुम्ही एकाच ओळीत लावला आहे: काकांची जमीन आहेच. बग्गी की जिप्सी याचे उत्तर तुम्ही त्या अडीच पानांत शोधता आहात. मला ते या एका ओळीत दडलेले दिसते, म्हणून सुरुवात तिच्यापासून करतो.

मानपूरकडची ही बारा एकर खरिपात सोयाबीनखाली आणि रब्बीत गव्हाखाली असते, असे तुम्हीच लिहिले आहे. मार्चअखेरीस गहू निघतो आणि जूनच्या उत्तरार्धात पावसाने जोर धरला की सोयाबीनची पेरणी सुरू होते. म्हणजे वर्षाच्या बावन्न आठवड्यांपैकी शेत सलग मोकळे असते ते फार तर अकरा-बारा आठवडे, आणि तेही ऐन उन्हाळ्याचे. त्यातून नांगरट झाली की रानभर ढेकळे. नांगरट झाली नसेल तर काळ्या मातीला पाय अडकतील अशा भेगा पडलेल्या असतात आणि वरचा थर पिठासारखा उडत असतो. बग्गीला ना काच ना दारे, त्यामुळे ते पीठ थेट तुमच्या डोळ्यांत आणि इंजिनाच्या एअर फिल्टरमध्ये जाणार. पाऊस पडल्यावर हीच माती पाणी पिऊन फुगते. टायरच्या खाचा तिने एकदा भरल्या की नवा कोरा टायरही गुळगुळीत टायरासारखा घसरू लागतो, आणि चाक व मडगार्ड यांच्या मध्ये ती ठासून बसली की चाक फिरणेच थांबते. ‘मालव धरती गहन गंभीर, डग डग रोटी, पग पग नीर’ ही म्हण इंदूरच्या मराठी घरांतही पाठ असते. त्यातल्या ‘गहन’ या शब्दाचा अर्थ मला कळला तो एका जुलैत, एका स्नेह्यांची जीप एक्सलपर्यंत रुतल्यावर. ट्रॅक्टर येईपर्यंत आम्ही तीन तास बांधावर बसून होतो.

वाफसा, म्हणजे मशागतीजोगा बेताचा ओलावा, आल्याशिवाय शेतकरी रानात औत घालत नाही, कारण ओली काळी जमीन एकदा चाकांखाली दबली की पुढच्या पिकाच्या मुळांना तिच्यातून वाट काढणे जड जाते. तुमचे काका पुतण्याला ‘नाही’ म्हणणार नाहीत, हे मी समजू शकतो. पण त्यांच्या ‘ये की’ या शब्दांत वर्षभर दर रविवारी चाके फिरवण्याची परवानगी आहे, हे तुम्ही गृहीत धरलेले आहे. ते त्यांना विचारलेले नाही.

आता बग्गीकडे येऊ. (बग्गी म्हटले की माझ्या पिढीच्या डोळ्यांसमोर वरातीची घोडागाडी येते. पण ते असो.) आज आपण जिला डोंगर-वाळूची बग्गी म्हणतो, तिचा अवतार अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातला. ब्रूस मेयर्स या गृहस्थांनी १९६४ च्या सुमारास फोक्सवॅगन बीटलच्या यंत्रावर फायबरग्लासची हलकी कवचासारखी बॉडी चढवली आणि तिला ‘मेयर्स मँक्स’ हे नाव दिले. १९६७ साली मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पात झालेली पहिली ‘मेक्सिकन १०००’ शर्यत अशाच एका मँक्सने २७ तास ३८ मिनिटांत जिंकली. विशेष हे की त्या गाडीला चारही चाकांचे बळ नव्हते. बीटलचे इंजिन मागे असते, त्यामुळे वजन नेमके जोर लावणाऱ्या मागच्या चाकांवर पडते. बाकी गाडी इतकी हलकी की वाळूत रुतण्याआधीच ती पुढे निघून जाते. बग्गीचा सगळा हिशेब हलकेपणा, लांब पल्ल्याचे सस्पेन्शन आणि वेग या तीन गोष्टींवर उभा आहे. खड्डा दिसला की जीप थांबून त्याच्या कडेला चाक टेकवते आणि सावकाश उतरते. बग्गी मात्र तो खड्डा वेगाच्या जोरावर शॉकअपमध्ये जिरवते.

यासाठी तशी भूमी लागते. मोकळी, लांबवर पसरलेली आणि मऊ. इंदूरच्या दक्षिणेला काय आहे ते तुम्ही रोज नाही तरी दर पावसाळ्यात पाहता. माळव्याचे पठार चोरल, पातालपाणी, जानापाव या बाजूला विंध्याच्या कडेशी येऊन निमाडकडे उतरू लागते, आणि तिथे बेसाल्टच्या पायऱ्या, सुटे दगड, सागाच्या जंगलातल्या अरुंद वाटा आणि पावसात अचानक फुगणारे ओढे आहेत. वेग तिथे कामाचा नाही. तिथे लागतो तो लो गिअर (संथ पण जोरकस चालीचा), चारही चाकांना मिळणारा जोर, पोटाखालचे अंतर आणि चालकाचा धीर. भूगोलाने हा कौल जीपच्या बाजूने दिलेला आहे. त्यातही या पट्ट्यातले बरेचसे जंगल वनखात्याच्या ताब्यात आहे, तेव्हा गाडी कोणतीही असो, रुळलेली आणि परवानगी असलेली वाट सोडून आत घुसणे हा छंद नव्हे, गुन्हा आहे.

तुमचे मन बग्गीकडे का धावते, हे मला कळते असे वाटते. बाहा ही विद्यार्थ्यांची स्पर्धा अमेरिकेत १९७६ साली सुरू झाली. भारतात ती २००७ साली आली तीच मुळी पीथमपूरला, म्हणजे आपल्या अंगणात. एका आसनाची गाडी, सर्वांना सारखेच दहा अश्वशक्तीचे छोटे इंजिन आणि शेवटी चार तासांची दमछाक करणारी शर्यत. विशीतल्या मुलाला याहून मोठा सण कोणता? पण त्या आठवणीतली एक गोष्ट तुम्ही वगळता आहात. ती बग्गी तुमच्या एकट्याची नव्हती. तिच्यामागे वीसेक मुले रात्री जागत होती. महाविद्यालयाची कार्यशाळा होती, गाडी ट्रकमधून मैदानापर्यंत पोहोचत होती, मैदान आयोजकांनी तयार केलेले होते, कडेला झेंडे घेऊन माणसे उभी होती आणि रुग्णवाहिकाही होती. आता ही सगळी भूमिका तुम्हा एकट्याला करायची आहे, आणि तीही रविवारी, नोकरीच्या सहा दिवसांनंतर.

रविवारचाच हिशेब मांडून पाहा. घरी बांधलेल्या बग्गीचे पासिंग होत नाही, कारण रस्त्यावरच्या गाडीचा नमुना केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२६ प्रमाणे अधिकृत चाचणी संस्थेकडून मंजूर व्हावा लागतो, आणि एका माणसाच्या एका गाडीसाठी ती खटाटोप परवडणारी नाही. म्हणजे सुदामा नगरातून मानपूरपर्यंतचे चाळीसेक किलोमीटर तिला पिकअपमध्ये चढवून न्यावे लागणार. फळ्या लावा, दोर आवळा, उतरवा, पेट्रोलचा कॅन वेगळा न्या, संध्याकाळी चिखलाने माखलेली गाडी पुन्हा चढवा. दोन तासांच्या मौजेसाठी सहा तासांची हमाली, हा माझा अंदाज कदाचित थोडा उदारच असेल. शिवाय कायद्याची एक बारीक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. मोटार वाहन कायद्याचे कलम ३९ नोंदणी नसलेले मोटार वाहन केवळ सार्वजनिक जागीच नव्हे, तर ‘इतर कोणत्याही जागी’ चालवण्यासही मनाई करते. अशा गाडीला व्याख्येतून सूट मिळू शकते ती फक्त कारखान्यात किंवा बंदिस्त आवारातच वापरायच्या खास वाहनांना. काकांच्या शेताला कुंपण नाही आणि मधून शेजाऱ्याची गाडीवाट जाते, असे तुम्ही लिहिता. ते बंदिस्त आवार ठरेल का, हे पाइप कापण्याआधी एखाद्या जाणत्या वकिलाला विचारावे. नोंदणी नाही म्हणजे विमाही नाही, आणि मित्राचा हात मोडला तर भरपाईचा प्रश्न तुमच्या आणि त्याच्या घरादरम्यान उरतो.

बांधणीविषयी तुम्ही माझे मत विचारलेले नाही, पण अडीच पाने वाचल्यावर गप्प राहवत नाही. मारुती ८०० चे इंजिन, गिअरबॉक्स आणि पुढचे हब हा सबंध संच उचलून मागे ठेवायचा, हा हौशी बग्गीवाल्यांचा जुना आणि शहाणा मार्ग आहे. मात्र मूळ गाडीत ही चाके स्टिअरिंगने वळणारी होती. मागे आल्यावर त्यांना पक्क्या दांड्यांनी जखडून ठेवावे लागते, आणि त्या दांडीचा एक सांधा सैल झाला तरी भर वेगात गाडी मागून वळू लागते. पुढचे मोठे ब्रेक आता मागे आले, तेव्हा पुढच्या-मागच्या ब्रेकचे प्रमाणही नव्याने जुळवावे लागेल, नाहीतर मागची चाके आधी जाम होऊन गाडी गरकन फिरेल. या गिअरबॉक्सला लो गिअर नाही, म्हणजे चढावर सगळा भार क्लचवर. आणि सांगाड्यासाठी मित्राच्या शेडमध्ये पडलेला पाण्याच्या नळाचा पाइप कृपा करून वापरू नका. तो उलटलेल्या गाडीचा भार घ्यायला बनवलेला नसतो, तिथे बिनजोड पोलादी नळीच लागते. खर्चाच्या अंदाजात तुम्ही सांगाड्याला सर्वात मोठा आकडा दिला आहे. प्रत्यक्षात बग्गीत पैसा खातात ते शॉकअप, हब आणि टायर. पाइप त्यामानाने स्वस्त असतो. साध्या मोटारीचे शॉकअप सलग खाचखळग्यांवर तापून वीस मिनिटांत ढिले पडतात, आणि मग बग्गी ज्या गुणासाठी बांधली तोच गुण नाहीसा होतो.

तेव्हा मी मेहुण्याच्या पक्षात आहे का? तसेही नाही, कारण दुसऱ्या बेतात तुमची याहून मोठी समजूत लपलेली आहे. ‘जिप्सी दोन्ही कामांना’ हे वाक्य मूळ जिप्सीबद्दल खरे आहे. तुमच्या मनातल्या जिप्सीबद्दल ते खरे नाही.

मूळ जिप्सी ही गुणी गाडी. १९८५ पासून तीन दशकांहून अधिक काळ ती आपल्याकडे बनत राहिली, लष्करापासून हिमालयातल्या शर्यतींपर्यंत सगळीकडे धावली, आणि तिचे सामर्थ्य एका साध्या गोष्टीत आहे: शिडीसारखी चेसिस, लो गिअरसह चारही चाकांचे बळ आणि जेमतेम एक टन वजन. तुम्ही म्हणता त्या २००९ च्या गाडीच्या मूळ टायरांचा व्यास साधारण २६ इंच. तिथे तुम्ही ३३ इंची चाक घालणार, म्हणजे व्यास सुमारे पावपट वाढला. चाकाच्या एका फेऱ्यात गाडी पावपट अधिक पुढे जाणार, म्हणून सगळे गिअर तेवढ्या प्रमाणात जड होणार, आणि आधीच बेताच्या ताकदीचे १३०० सीसीचे इंजिन भेरूघाटात दुसऱ्या गिअरवर धापा टाकणार. स्पीडोमीटर साठ दाखवील तेव्हा गाडी पंचाहत्तरने जात असेल. ब्रेकचे पेडल तेवढेच दाबले तरी रस्त्यावर मिळणारा जोर साधारण एक-पंचमांशाने घटलेला असेल, आणि पुढच्या एक्सलमधले सीव्ही जॉइंट, म्हणजे वळणाऱ्या चाकाला जोर पोचवणारे सांधे, जे २६ इंची चाकासाठी घडवले आहेत, ते एखाद्या दगडात अडकलेल्या चाकाला जोर देताना ‘कट्’ असा आवाज करून मोकळे होतील. मिळणार काय? डिफरन्शियलच्या (दोन चाकांत जोर वाटणाऱ्या, एक्सलच्या मधल्या) गोळ्याखाली साडेआठ सेंटिमीटर जास्तीची जागा. ती मोलाची आहे, पण ती चाकांनी दिली. चार इंचांच्या उचलीने गाडीचे पोट वर जाते, एक्सल आणि तो गोळा जिथल्या तिथे राहतो. उचलीमुळे वाढते ती उलटण्याची भीती, कारण भारकेंद्र वर जाते आणि गाडीची रुंदी तेवढीच राहते.

एकेक बदल पुढच्या बदलाला कसा बोलावणे धाडतो, ते तुम्ही अभियंता असल्याने मी लांबवत नाही. मोठ्या चाकासाठी गिअरचे प्रमाण बदला, ते बदलले की एक्सलचे दांडे, मग ब्रेक, मग उचलीमुळे तिरकी झालेली प्रॉपेलर शाफ्ट. विंच आणि लोखंडी बंपर यांनी नाकावर एका माणसाइतके वजन येते, म्हणून स्प्रिंगचे पुढचे पाटे पुन्हा जाड. शेवटी हाती राहते ती धड बग्गीसारखी हलकी नाही आणि धड घरच्या गाडीसारखी शहाणी नाही अशी गाडी. एका ओळखीच्या कुटुंबात अशी जीप तीन वर्षे अंगणात उभी आहे. तिच्यावर आता मेथी वाळत घालतात.

कायद्याची बाजू इथेही आहे. कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रात उत्पादकाने दिलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितले आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बेकायदा बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. पुढच्या बाजूच्या लोखंडी बंपरांवर कारवाई करण्याची सूचना केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना दिली होती. ‘इंदुरात कोण धरतो’ हा मेहुण्याचा युक्तिवाद मी ऐकलेला आहे. धरणारा चौकातला शिपाई नसतोच. अपघातानंतर येणारा विमा कंपनीचा सर्व्हेअर असतो. आणखी एक: २००९ च्या गाडीची पंधरा वर्षे २०२४ मध्ये संपली. तिच्या आरसीचे पाच वर्षांचे नूतनीकरण झाले आहे का, हे पैसे देण्याआधी स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.

रोल केजविषयीही एक रास्त शंका आहे. बग्गीत माणूस हेल्मेट घालून पाच पट्ट्यांनी आसनाशी बांधलेला असतो, म्हणून डोक्याजवळचा पाइप त्याला वाचवतो. घरच्या गाडीत उघड्या डोक्याने बसलेल्या माणसाला तोच पाइप साध्या धडकेतही इजा करू शकतो. सात वर्षांच्या मुलीला मोठ्यांचे ते पट्टे बसत नाहीत आणि जिप्सीच्या मागच्या आडव्या बाकांवर तिला सुरक्षित बसवताही येत नाही. आईंचे गुडघे दुखतात असे तुम्ही ओघात लिहून गेलात. चार इंच उचल आणि ३३ इंची चाके यांनी वर गेलेल्या त्या गाडीत त्या चढणार कशा? म्हणजे ‘घरालाही उपयोगी’ या शब्दांतले घर बहुधा तुम्ही आणि मेहुणा एवढेच आहे.

माझा सल्ला असा, की तुम्ही मांडलेल्या रूपात दोन्ही बेत या वर्षी बाजूला ठेवावेत आणि चांगल्या स्थितीतली, आरसी चालू असलेली, कमीत कमी छेडछाड झालेली चार चाकांच्या बळाची गाडी घ्यावी. जिप्सी मिळाली तर जिप्सी. नवी जिम्नी किंवा थार तुमच्या आठ लाखांत बसत नाही आणि त्यासाठी कर्ज काढण्याइतका हा प्रश्न निकडीचा नाही. पैसे आधी पाट्यांच्या बुशांवर, ब्रेकवर, रेडिएटरवर आणि स्टिअरिंगच्या सांध्यांवर खर्च करावेत. टायर मूळ मापाचेच, पण दगड-मातीला चालणाऱ्या खाचांचे घ्यावेत. हवा मोजायचे यंत्र आणि छोटा पंप गाडीत ठेवावा. मऊ जमिनीवर हवा अठरा-वीस पीएसआयपर्यंत उतरवली की टायरचा तळवा पसरतो आणि जी पकड तुम्ही ३३ इंची चाकाकडून मागता आहात तिचा बराच भाग फुकट मिळतो. परत डांबरावर येण्याआधी हवा भरायची, एवढेच पथ्य. रुतलेली गाडी ओढण्यासाठी ताणला जाणारा रस्सा घ्यावा, आणि तो चेसिसला बोल्टने पक्क्या बसवलेल्या हुकालाच लावायचा. मागे ट्रॉली जोडायच्या गोळ्याला कधीही नाही, कारण तो गोळा तुटून गोळीसारखा सुटल्याने माणसे दगावलेली आहेत. दोन गाड्यांशिवाय आडवाटेला जायचे नाही. ओढ्याचे पाणी गढूळ आणि चढते असेल तर परत फिरायचे. जुलै २०११ मध्ये पातालपाणीच्या धबधब्यावर काही क्षणांत वाढलेल्या पाण्याने माणसे कशी वाहून नेली, ते इंदूर विसरलेले नाही.

उरलेले पैसे बँकेत वर्षभर राहू द्यावेत आणि एक वही करावी. प्रत्येक वेळी तारीख, गाडी चालवण्यात गेलेले तास, तिच्याखाली पाना घेऊन आडवे होण्यात गेलेले तास, आणि बरोबर कोण होते, एवढेच तीत लिहायचे. माझा कयास आहे की पान्याच्या तासांचे आकडे मोठे निघतील, कारण तुमच्या पत्रातून मला चालवणाऱ्यापेक्षा बांधणारा माणूस अधिक दिसतो. तसे झाले तर बग्गी जरूर बांधा, पण तीन-चार जणांत मिळून, आणि काकांच्या काळ्या रानात नाही. मानपूरच्या त्या बाजूला मुरमाड, पिकाला निरुपयोगी अशी जमीन मिळू शकते. तिचा एखादा एकराचा तुकडा भाड्याने घेऊन त्याला रीतसर कुंपण घालावे आणि बग्गी तिथल्याच शेडमध्ये ठेवावी, म्हणजे रविवारची हमालीही वाचेल. वर्षभर हात शिवशिवत राहिले तर शहरातल्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या बाहा संघाकडे जाऊन बसा. पाच रात्री त्यांच्याबरोबर जागलात तर त्या मुलांना अनुभव मिळेल आणि तुम्हाला वेल्डिंगचा वास.

ज्या वाचकांकडे स्वतःचा, कुंपणातला, मुरमाड किंवा वाळूचा मोकळा माळ आहे, गाडी तिथेच ठेवण्याची सोय आहे आणि घरच्या फेऱ्यांसाठी दुसरी गाडी आहे, त्यांना मी हे सगळे सांगत बसलो नसतो. त्यांनी बग्गीच घ्यावी. मोठ्या चाकांच्या जिप्सीपेक्षा ती कमी खर्चात जास्त आनंद देईल आणि बिघडली तरी आपल्याच आवारात बिघडेल.

आता तुमच्या पत्नीविषयी. चार पानांत त्यांच्या वाट्याला ‘विरोध’ हा एकच शब्द आला आहे. त्यांनी कशाला विरोध केला, पैशाला, धोक्याला की रविवारला, हे तुम्ही लिहिले नाही, आणि मला शंका आहे की विचारलेही नाही. जिप्सी घरासाठी आहे असे सांगून त्यांची संमती मिळवू नका. पहिल्याच पावसाळ्यात ते उघडे पडेल. ती माझ्या हौसेची आहे, महिन्यातले दोन रविवार मला हवे आहेत आणि दोन तुमचे, असे सरळ सांगा, आणि कोणते दोन ते त्यांना निवडू द्या. काकांकडे जाल तेव्हा त्यांनाही बरोबर न्या. बांधावर बसून होणारे ते बोलणे दोघांनी ऐकलेले बरे, म्हणजे काका नेमके काय म्हणाले यावर घरी परतल्यावर वाद होणार नाही.